कोल्हापूरची पदवी, बेळगावचा पत्ता, थायलंडचा वर्ग: एका इंग्रजी शिक्षिकेचं प्रकरण

शिकवायला परदेशी जायचं, पगारावर तिथं राहायचं आणि सुट्टीत आजूबाजूचे देश पाहायचे, हा बेत बेळगाव, निपाणी, खानापूर भागातल्या तरुण शिक्षकांच्या बोलण्यात आता सहज येतो. बेत वाईट नाही. पण तो फसतो तो देश चुकला म्हणून क्वचितच. एक तर कागद वेळेत तयार नसतात, नाहीतर करारात सुट्टीच्या पगाराचं कलम कुणी वाचलेलं नसतं. सीमाभागात पहिली अडचण दुप्पट होते, कारण इथल्या माणसाचे कागद दोन राज्यांत विखुरलेले असतात.

खालची उमेदवार नमुन्यादाखल उभी केली आहे. नियम आणि अडचणी मात्र खऱ्या आहेत. शाळेत तिला मुलं म्हणतात तसं इथंही ‘बाई’च म्हणू.

बाईंची परिस्थिती

वय ३१. माहेर निपाणी, सासर बेळगावात वडगावला. प्राथमिक शाळा मराठी, एसएसएलसी (दहावी) कर्नाटक बोर्डाची, पीयूसी (अकरावी-बारावी) निपाणीत. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर आणि गडहिंग्लज त्याहून जवळ, म्हणून बी.ए. इंग्रजी गडहिंग्लजला झालं. पदवी शिवाजी विद्यापीठाची. लग्नाआधी बी.एड. बेळगावात, राणी चन्नम्मा विद्यापीठाचं. एका खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सहा वर्षं पाचवी ते आठवीला इंग्रजी शिकवण्याचा अनुभव. पगार महिना १८ हजार. नवरा उद्यमबागेतल्या फाउंड्रीत सुपरवायझर. घराच्या कर्जाच्या हप्त्यात बाईंचा वाटा महिना १२ हजार, आणि तो थांबवता येणार नाही.

हेतू स्पष्ट आहे: दोन वर्षं बाहेर राहायचं, तिथून आग्नेय आशिया पाहायचा आणि परत यायचं. कायमचं स्थलांतर नको. हे आधी ठरवलेलं बरं, कारण देश निवडण्याचा निकष त्यावरून बदलतो.

आखात की थायलंड

बी.एड. आणि सीबीएसई शाळेतला अनुभव असलेल्या भारतीय शिक्षकाला आखातातल्या भारतीय शाळा हा जवळचा आणि सुरक्षित मार्ग. पगारावर आयकर नाही, बऱ्याच शाळा वर्षाचं विमानाचं तिकीट देतात, शाळेची पद्धत ओळखीची. अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च मालकानं करायचा असतो, तो कर्मचाऱ्याकडून वसूल करता येत नाही. पण तिथं भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये. तेव्हा विमानं महाग, आणि बहुतेक शिक्षक त्याच तिकिटावर गावी येतात. पैसे साठतात, देश पाहणं मागं पडतं. कर्ज फेडायचं असेल तर आखात. बाईंना ते नको होतं.

थायलंडचं शालेय वर्ष मेच्या मध्याला सुरू होतं. पहिलं सत्र सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपतं, मग तीन-चार आठवडे सुट्टी. दुसरं सत्र नोव्हेंबर ते मार्चची सुरुवात, त्यानंतर मेपर्यंत मोठी सुट्टी. सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष, १३ ते १५ एप्रिल. ईशान्येकडच्या नाँग खाईहून मेकाँग ओलांडला की लाओसची राजधानी व्हिएन्तियान. तिथून डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या रेल्वेनं लुआंग प्रबांग दोन तासांवर. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून सर्व देशांच्या नागरिकांना ९० दिवसांपर्यंत मिळतो. भारतीय पासपोर्टवर फिरणाऱ्याला यापेक्षा सोपा टापू कमीच.

तोटाही सांगायला हवा. भारतीयांची मातृभाषा इंग्रजी नाही असं थाई शाळा धरतात. त्यामुळे ‘फक्त नेटिव्ह’ लिहिलेल्या जाहिरातींवर अर्ज करणं फुकट. अमेरिकन किंवा ब्रिटिश शिक्षकाला महिना ३० ते ४० हजार बाट (थाई चलन) मिळतात, तिथं भारतीय आणि फिलिपिनो शिक्षकांचा पगार साधारण १५ ते २५ हजार. हे अन्यायाचं आहे, पण त्यावर रागावून बजेट बदलत नाही. बजेट या आकड्यावरच बांधायचं.

कागद

हा भाग सगळ्यात लांब आहे, कारण महिने इथंच जातात.

पदवीवर परदेशी वकिलातीचा शिक्का मिळण्याआधी तीन पायऱ्या असतात: विद्यापीठाची पडताळणी, त्या राज्याच्या खात्याचं अटेस्टेशन (कागद खरा असल्याचा शिक्का), मग दिल्लीच्या परराष्ट्र खात्याचं. यातली मधली पायरी उमेदवार कुठं राहतो यावर ठरत नाही. ज्या राज्यात कागद निघाला, ते राज्य शिक्का मारतं. बाईंचं बी.एड. बेंगळुरूला उच्च शिक्षण खात्याकडं जाईल, बी.ए. मुंबईला मंत्रालयाकडं. बेळगावहून दोन्ही शहरं साधारण पाचशे किलोमीटर, विरुद्ध दिशांना. दोन्ही पदव्या एका पाकिटात घालून एका एजंटाकडे दिल्या आणि त्यातली एक परत आली, ही इथली नेहमीची चूक. एजंटाला आधीच विचारायचं: महाराष्ट्राची पदवी कोण नेणार, कर्नाटकाची कोण, आणि दोघांची पावती वेगळी मिळणार का? काही विद्यापीठांची पडताळणी परराष्ट्र खात्याच्या ई-सनद पोर्टलवरून ऑनलाइन होते. आपलं विद्यापीठ आणि आपलं उत्तीर्ण वर्ष त्यात आहे का, हे सगळ्यात आधी बघावं. असेल तर एक फेरी वाचते.

अपोस्टिल आणि साधं अटेस्टेशन यांत लोकांचा गोंधळ होतो. अपोस्टिल म्हणजे परराष्ट्र खात्याचा असा शिक्का, की त्यानंतर वकिलातीचा शिक्का लागत नाही. भारतात ते जुलै २००५ पासून चालतं, पण हे शिक्के एकमेकांचे मान्य करणाऱ्या हेग करारातल्या देशांसाठीच. ओमान आणि बहरीन करारात आहेत, अमिरात नाही. थायलंडच्या शाळा परराष्ट्र खात्याच्या शिक्क्यानंतर थाई वकिलातीचा शिक्का मागतात. चुकीच्या प्रकारचा शिक्का आणला तर प्रवास पुन्हा पहिल्यापासून. परराष्ट्र खात्याची अपोस्टिलची सरकारी फी एका कागदाला ५० रुपये आहे. बाजारात एका पदवीचे पाच ते दहा हजार मागितले जातात, ते पळापळीचे पैसे असतात. देणं चूक नाही, पण कशाचे देतोय ते माहीत असावं.

बाईंच्या फाइलीत तीन गाठी निघाल्या.

पहिली: शिवाजी विद्यापीठाचं मूळ पदवी प्रमाणपत्र त्यांनी घेतलंच नव्हतं. प्रोव्हिजनल आणि गुणपत्रिकांवर बी.एड.ला प्रवेश मिळाला, नोकरीही मिळाली, मग दीक्षान्ताचा अर्ज राहून गेला. अटेस्टेशनला प्रोव्हिजनल चालत नाही. सीमाभागातल्या मुलींच्या बाबतीत हे फार दिसतं. शिक्षण संपून लग्न होतं आणि मूळ पदवी विद्यापीठातच राहते. या एका कागदाला बाईंचे दोन महिने गेले.

दुसरी: बी.एड.ची पदवी खडेबाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट केलेली. शिक्का पदवीच्या पाठीमागे मारला जातो, प्लास्टिकवर मारता येत नाही. घरी इस्त्री फिरवून प्लास्टिक सोडवायला गेलं तर शाई उठते आणि कागद फाटतो. अशा वेळी विद्यापीठाकडे दुसऱ्या प्रतीचा अर्ज करणं हाच खात्रीचा मार्ग, आणि त्याला वेळ लागतो. ज्यांनी अजून लॅमिनेट केलेलं नाही, त्यांनी पदवी साध्या पारदर्शक पाकिटात ठेवावी.

तिसरी गाठ नावाची. एसएसएलसीच्या मार्क्स कार्डावर नाव आणि आद्याक्षर, शिवाजी विद्यापीठाच्या पदवीवर महाराष्ट्राच्या रीतीनं आडनाव आधी, मग स्वतःचं आणि वडिलांचं नाव. पासपोर्ट लग्नानंतर काढलेला, त्यावर सासरचं आडनाव. शिवाय इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका ठिकाणी एक अक्षर जास्त. इथल्या कारकुनाला हे एकाच बाईंचे कागद आहेत हे सांगावं लागत नाही. बँकॉकच्या कारकुनाला मात्र ही तीन माणसं वाटतात. यावर उपाय म्हणजे विवाह नोंदणी दाखला आणि सगळी नावं जशी छापली आहेत तशी लिहून ‘ही एकच व्यक्ती’ असं नोटरीपुढं केलेलं प्रतिज्ञापत्र. दाखला कन्नडमध्ये असेल तर अधिकृत इंग्रजी भाषांतर जोडायचं. प्रतिज्ञापत्रात स्पेलिंग ‘दुरुस्त’ करायचं नाही, चुकीसकट उतरवायचं. शाळेच्या नियुक्तिपत्रात नाव पासपोर्टप्रमाणेच हवं, हे शाळेला पहिल्या मेलमध्येच कळवायचं. जन्मस्थानाचंही तसंच. शहराचं अधिकृत इंग्रजी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बेलगामचं बेळगावी झालं. पासपोर्टवर जे छापलं आहे तेच प्रत्येक फॉर्मवर लिहावं, तिथं भाषिक अस्मिता आणू नये. लग्न ठरलेल्या आणि दोन-तीन वर्षांत बाहेर जाऊ पाहणाऱ्या शिक्षिकांनी पासपोर्टवरचं नाव बदलण्याची घाई करू नये. लग्नानंतर नाव बदलणं सक्तीचं नाही.

पोलीस दाखला पासपोर्टच्याच पोर्टलवरून मिळतो, फी ५०० रुपये. इथं पत्त्याचा घोळ होतो. बाईंच्या आधारवर निपाणीचा पत्ता होता आणि राहणं वडगावला. निपाणी जिल्हा पोलिसांकडे, वडगाव बेळगाव शहर आयुक्तालयाकडे. अर्जातल्या पत्त्यावर पोलीस गेले आणि ‘इथं राहत नाही’ असा शेरा पडला तर दाखला अडकतो. आधी आधारवरचा पत्ता बदलायचा, मग अर्ज. दाखला फार लवकरही काढायचा नाही, कारण शाळा आणि वकिलाती ताजा दाखला मागतात. पदव्या पुढं गेल्या की मगच तो हातात घ्यायचा. पासपोर्ट नव्यानं काढायचाच असेल तर ३६ पानांचा १,५०० रुपयांत मिळतो आणि ६० पानांचा २,००० रुपयांत. फिरायचं असेल तर पाचशे रुपये जास्त देणं शहाणपणाचं, कारण थायलंडमधला एकेक शिक्का आणि स्टिकर पान खातो.

इंग्रजीची परीक्षा आणि डेमो

इंग्रजी मातृभाषा नसलेल्या शिक्षकाकडे थायलंडमध्ये टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत ६०० गुण किंवा आयईएलटीएससारख्या परीक्षेतला त्याच्या बरोबरीचा निकाल मागितला जातो. निकाल दोन वर्षं चालतो. इंग्रजीच्या पदवीधराला हा उंबरठा अवघड नाही, तरी एक सराव परीक्षा दिल्याशिवाय सतरा-अठरा हजार रुपये भरू नयेत. १२० तासांचा टेफल, म्हणजे परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा कोर्स, बऱ्याच जाहिरातींत मागितलेला असतो. बाईंकडे बी.एड. आहे, आणि थायलंडच्या शिक्षक परिषदेच्या परवान्यासाठी शिक्षणशास्त्राची पदवी मोजली जाते. नुसत्या बी.ए.वाल्याला शाळेमार्फत दोन वर्षांची तात्पुरती परवानगी घ्यावी लागते. तेव्हा टेफलवर मोठी रक्कम घालायची गरज नाही, स्वस्तातला चालतो.

खरी परीक्षा डेमोच्या, म्हणजे नमुना तासाच्या व्हिडिओची. बाईंनी पहिला व्हिडिओ आठवीच्या वर्गाचा केला: फळ्यावर काळाचे बारा प्रकार, मुलं वहीत उतरवतायत. वर्गात उत्तम, पण थाई शाळेला निरुपयोगी. तिथं इंग्रजी ही मुलांची दुसरी किंवा तिसरी भाषा आहे, आणि शाळेला बघायचं असतं की शिक्षक स्वतः कमी बोलून मुलांकडून बोलवून घेऊ शकतो का. खरं तर बेळगावच्या शिक्षकाची ही रोजची कसरत आहे. घरी मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी अशा मुलांना बाई सहा वर्षं शिकवत होत्या, पण ते कौशल्य आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. दुसऱ्या व्हिडिओत सात मिनिटं, चार वस्तू, जोड्यांमध्ये प्रश्नोत्तरं आणि फळा जवळजवळ कोरा. मुलाखतीचे तीन बोलावे त्यावर आले.

थाई मुलं शब्दाच्या शेवटचं व्यंजन गिळतात, ‘र’ आणि ‘ल’ यांत त्यांची गल्लत होते. आपल्याकडे ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्हींचा ‘व’ होतो. मुलाखतीआधी हे एक आठवडा घोटून घ्यावं. ‘आय हॅव अ डाउट’ म्हणून शंका विचारायची सवयही सोडावी, परक्या कानाला तो अविश्वास वाटतो.

एजंट

गावातल्या एका एजंटानं बाईंना सुचवलं: टुरिस्ट म्हणून उतरा, शिकवायला लागा, व्हिसा नंतर बदलू. हे ऐकताच फाइल परत मागायची. वर्क परमिटशिवाय काम करताना सापडलं तर ५ हजार ते ५० हजार बाट दंड, मायदेशी रवानगी आणि दोन वर्षं परमिट नाही. २०२२ पासून भारताच्या परराष्ट्र खात्यानं थायलंडच्या नोकरीचं आमिष दाखवून म्यानमारमधल्या फसवणूक केंद्रांत नेण्याच्या प्रकारांबद्दल इशारे दिले आहेत. त्याची सुरुवातही बहुतेकदा अशाच ‘आधी पोचा’ सल्ल्यानं होते. भरती करणाऱ्या एजंटाची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. नोंदणीकृत एजंटाला घेता येणारं शुल्क जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी. त्यापुढचा आकडा ऐकला की प्रश्न विचारायचे. शाळेशी थेट बोलणं मात्र केव्हाही बरं.

सरळ मार्ग असा: शाळा नियुक्तिपत्र, आपल्या परवान्याची प्रत आणि शिक्षणखात्याचं पत्र पाठवते. उमेदवार नॉन-इमिग्रंट ‘बी’ व्हिसासाठी थायलंडच्या ई-व्हिसा संकेतस्थळावर अर्ज करतो. भारतात ही सोय १ जानेवारी २०२५ पासून आहे. उतरताना ९० दिवसांचा मुक्काम मिळतो. तेवढ्यात शाळेनं वर्क परमिट काढून मुक्काम वर्षभर वाढवून घ्यायचा. पुढं दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा, आणि नवी खोली घेतली की घरमालकानं चोवीस तासांत टीएम ३० ची, म्हणजे परदेशी माणूस राहायला आल्याची, नोंद केली का हे स्वतः बघायचं. ती नसेल तर पुढची कामं अडतात. आणि नोकरी संपली की मुक्कामाची परवानगीही त्याच दिवशी संपते. शाळा सोडून महिनाभर भटकू, हे त्या व्हिसावर होत नाही.

दहा महिने की बारा

बाईंपुढे दोन करार आले, दोन्हींत महिना २५ हजार बाट. एक ईशान्येकडच्या गावातला, बारा महिन्यांचा. दुसरा बँकॉकच्या कडेचा, दहा महिन्यांचा. दुसऱ्याची इमारत चकाचक, फोटो सुंदर.

हिशेब दोन्हींना सारखाच धरू. खोली ५ हजार, वीज-पाणी दीड हजार, जेवण ७ हजार, प्रवास आणि फोन २ हजार: महिना १५,५००. शिल्लक ९,५००. गावचा हप्ता वर्षाचा १ लाख ४४ हजार रुपये, म्हणजे एक बाट २ रुपये ६५ पैशांनी सुमारे ५४ हजार बाट.

बारा महिन्यांच्या करारात वर्षाची शिल्लक १ लाख १४ हजार. हप्ता वजा जाता ६० हजार बाट फिरायला. दहा महिन्यांच्या करारात शिल्लक ९५ हजार, त्यातून बिनपगारी दोन महिन्यांचा खर्च ३१ हजार गेला, हप्ता गेला, उरले १० हजार. म्हणजे मोठी सुट्टी येते तेव्हाच खिसा रिकामा. शिवाय बँकॉकजवळ खोली ५ हजारांत मिळत नाही, ते वेगळंच. बाईंनी ईशान्येकडची शाळा घेतली. तिथून लाओस जवळ हा वरचा फायदा.

करारावर सही करण्याआधी चार गोष्टी लेखी घेतल्या: मार्च-एप्रिलचा पगार, ऑक्टोबरच्या सुट्टीत शाळेत हजेरी लागते का (इंग्लिश कॅम्पच्या नावाखाली अर्धी सुट्टी जाते), वर्क परमिट आणि मुदतवाढीची फी कोण भरणार, आणि आठवड्याचे तास किती. चौथ्यावर शाळा अडखळली. शेवटी २२ तासांवर जमलं.

पहिला पगार हातात येईपर्यंत दीड-दोन महिने जातात. खोलीला बहुधा दोन महिन्यांची अनामत आणि एक महिना आगाऊ. म्हणून विमानाचं भाडं सोडून निदान ४० हजार बाट जवळ हवेत. बेळगावातल्या पगारातून हप्ता वजा जाता ते साठवायला बाईंना दीड वर्ष लागलं असतं. निम्मे माहेरून उसने घेतले.

तारीख घसरली, आणि ते बरंच झालं

सुरुवात ऑगस्टमध्ये, लक्ष्य मेचं सत्र. पदवी प्रमाणपत्रात ऑक्टोबर संपला, बी.एड.च्या दुसऱ्या प्रतीत जानेवारी. मार्चअखेर एक पदवी दिल्लीत आणि दुसरी अजून मुंबईत. शाळेनं जागा नोव्हेंबरच्या सत्रापर्यंत ठेवली. सत्राच्या मध्याला शिक्षक सोडून जातात, म्हणून ऑक्टोबरमध्येही भरती होते. मे चुकला की वर्ष गेलं असं मानायची गरज नसते. बेळगावच्या शाळेचं पहिलं सत्रही बाईंना पूर्ण करता आलं, त्यामुळे अनुभवाचा दाखला कुरकुर न करता मिळाला.

निघण्याआधी बँकेचं बचत खातं अनिवासी सामान्य खात्यात बदलून घ्यायचं. हप्ता त्याच खात्यातून जातो, त्यामुळे बँकेला दोन आठवडे आधी सांगावं. नवऱ्याला अवलंबित म्हणून नेता येतं, पण त्या व्हिसावर त्याला काम करता येत नाही. उद्यमबागेतली नोकरी सोडून तो गेला असता तर वरचा हिशेब कोसळला असता. तो सुट्टीत येईल असं ठरलं.

आता फिरण्याच्या मुळाशी असलेली गोष्ट. वर्षाची मुदतवाढ मिळाली म्हणून देशाबाहेर जाऊन परत येता येतं असं नाही. री-एन्ट्री परमिट, म्हणजे परत येण्याची आगाऊ परवानगी, न काढता थायलंड सोडलं की मुदतवाढ रद्द होते. शनिवार-रविवारी व्हिएन्तियानला जाऊन आलेला शिक्षक सोमवारी वर्गात उभा असतो, पण त्याच्या मुक्कामाचा आधार गेलेला असतो आणि वर्क परमिटही त्यासोबत धोक्यात येतं. टीएम ८ हा फॉर्म, पासपोर्ट, त्याच्या प्रती आणि ४ बाय ६ सेंटिमीटरचा फोटो एवढंच लागतं. एका फेरीचे १,००० बाट, कितीही फेऱ्यांचे ३,८००. वर्षात चारदा बाहेर जाऊन परत यायचं असेल तर दुसरं स्वस्त पडतं. काम जिल्ह्याच्या इमिग्रेशन कचेरीत, कामाच्या दिवशी आणि निघण्याआधी करायचं. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावरही खिडकी आहे, म्हणून जमिनीवरच्या प्रत्येक नाक्यावर ती असेल असं धरून नाँग खाईच्या पुलावर जाऊ नये.